उखळीत नसलेली घंटा

क्विरीनने तो तुकडा त्या आठवड्यात चौथ्यांदा हलवला. आधी तो खिळ्यांच्या डब्यात होता. मग रंगाच्या डब्यांमागे गेला, मग गवत कापायच्या यंत्राखालच्या पोत्यात. आता परसातल्या शेडमधल्या जुन्या रबरी बुटात गेला आणि वरून एक मळका मोजा कोंबला गेला. छप्पन्न वर्षांचा बाप्या, पंपांच्या कारखान्यात लेथवर तेहतीस वर्षं काढलेला, गावच्या तोफमंडळाचा चिटणीस, आणि स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरत होता. बूट कोपऱ्यात सरकवून तो दारापर्यंत गेला, तिथून परत आला, आणि मोजा नीट बसलाय का ते पुन्हा वाकून पाहिलं.

तुकडा तसा फार मोठा नव्हता. दोन किलोला थोडा कमी, पावाच्या जाड फाकेएवढा. एक कड गोलसर आणि गुळगुळीत, बाकीच्या बाजू तुटक्या. काशाचा होता, आणि आत्ता खरं तर तो या जगात नसायला हवा होता. बेंचवर मधोमध ओकच्या ठोकळ्यावर बसलेल्या उखळी तोफेच्या पोटात तो वितळून गेलाय, असं सगळं गाव धरून चालत होतं.

उखळी मात्र दृष्ट लागावी अशी झाली होती. उंची वीतभर, तोंडात सफरचंद बसेल एवढा घेर, बाहेरून दोन कडी आणि बत्ती द्यायच्या भोकाजवळ एक छोटं ओकचं पान कोरलेलं. हिच्यात गोळाबिळा काही घालत नाहीत. दारू ठासायची, बूच मारायचं, बत्ती द्यायची आणि समोरच्या डोंगराला आवाज ऐकवायचा, एवढंच तिचं काम. लग्नाला, ईस्टरला, नव्या वर्षाला. मंडळातल्या एखाद्या माणसाला पुरतात तेव्हाही. हास्लरीडमध्ये तोफेच्या आवाजाशिवाय कुणी धड जन्माला येत नाही आणि धड जातही नाही.

या वीतभर बयेसाठी क्विरीनचे तीन हिवाळे गेले होते. पहिली ओतली ती आतून पावासारखी जाळीदार निघाली. ती अजून शेडचं दार अडवायच्या कामाला आहे. दुसऱ्या वेळी कासं वितळवायची मूसच फुटली आणि क्विरीनच्या भुवया महिनाभर गायब झाल्या. "सोललेल्या अंड्यासारखा दिसतोस," त्याची बायको बुर्गी म्हणाली होती, "पण थांब, अंडं निदान गप्प तरी बसतं." तिसऱ्या खेपेची तयारी चालू असताना त्याचा बाप शेडमध्ये आला. कोर्बिनियान, एकोणऐंशी वर्षांचा, मंडळात पन्नास वर्षं तोफा उडवून दोन्ही कानांनी ठार बहिरा झालेला. त्याने खिशातून रुमालाचं गाठोडं काढलं आणि बेंचवर ठेवलं.

"हे घाल तिच्यात," तो म्हणाला.

गाठोड्यात हास्लरीडच्या देवळातल्या छोट्या घंटेचा तुकडा होता. बेचाळीस साली, महायुद्धात, धातू हवा म्हणून गावोगावच्या घंटा काढून नेल्या, तेव्हाची गोष्ट. छोटी गावाला ठेवणार होते, पण मोठी उतरवताना दोर घसरला, तिचा दणका छोटीला बसला, आणि छोटीची कड उडून खाली बर्फात पडली. फुटकी घंटा ठेवून काय करायची, म्हणून मग तीही गाडीत टाकली. देऊळ मुकं झालं. बर्फातला तुकडा आठ वर्षांच्या कोर्बिनियानने उचलला आणि कोटाखाली लपवला. एकाहत्तर वर्षं तो त्याच्या मोज्यांच्या कप्प्यात होता. ही सगळी हकिकत म्हाताऱ्याने तीन वाक्यांत उरकली आणि वर म्हणाला, "एकदा मोठ्याने वाजू दे तिला. मग माझी काही तक्रार नाही."

"घालतो, बाबा," क्विरीन म्हणाला होता. मनापासून म्हणाला होता.

पण ओतायच्या दिवशी मूस लालबुंद झाली, तो चिमट्यात तुकडा धरून उभा राहिला, आणि त्याचा हात पुढे जाईना. त्याला कुठेतरी वाचलेलं आठवलं, कारखान्यातल्या जुन्या फोरमनने सांगितलेलं आठवलं: घंटेच्या काशात कथील भरपूर. वाजतं म्हणून छान, पण काचेसारखं ठिसूळ. तोफेचं कासं मऊ लागतं, दणका पोटात घेणारं. उखळी फुटली तर शेजारी कोण असणार? तो स्वतः. मंडळाचा अध्यक्ष हार्टल. हार्टलच्या मागे निम्मं गाव. क्विरीनने चिमटा मागे घेतला, तुकडा वाळूत ठेवला आणि नुसतं स्वच्छ कासं ओतलं.

बाप त्या दिवशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होता. संध्याकाळी क्विरीन भेटायला गेला. म्हाताऱ्याने उशीवरून मान उचलली आणि विचारलं, "घातलंस?"

क्विरीनने मान हलवली. तोंडाने खोटं बोलण्याचंही धाडस केलं नाही त्याने. नुसती मान, वर-खाली, दोनदा.

त्या दोन हलवण्यांचं पुढे काय काय झालं! कोर्बिनियानने इस्पितळातून आल्या आल्या खाणावळीत आपल्या नेहमीच्या टेबलावर सांगितलं. टेबलाने गावाला सांगितलं. हार्टलने पत्रक छापलं: 'आपल्या तोफवाल्यांची राखणदार सेंट बार्बरा, तिच्या रविवारी नव्या उखळीला आशीर्वाद. आपली हरवलेली घंटा तिच्या पोटात परत आली आहे.' पाद्रीबाबा तर असे खूश झाले की त्यांनी त्या दिवशीचं प्रवचनच त्याच्यावर बेतलं. लढाईने नेलेलं देवाने परत दिलं, वगैरे. क्विरीनने पत्रक दोनदा वाचलं. ते चिटणीस म्हणून घरोघर वाटायचंही त्यालाच होतं.

हेही निभावलं असतं. लोक काय, उखळी बघतील, टाळ्या वाजवतील, बिअर पितील. भीती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे म्हाताऱ्याची काठी.

कोर्बिनियानला ऐकू येत नसे, पण त्याला ऐकल्याशिवाय राहवतही नसे. कानात घालायचं यंत्र त्याने कपाटात टाकून दिलं होतं. त्यातून सगळे बदकांसारखे बोलतात म्हणे. त्याऐवजी हातभर लांबीची एक काठी खिशात असे. एक टोक दातांत धरायचं, दुसरं टोक वस्तूला टेकवायचं. स्वयंपाकघरातलं घड्याळ चालतंय का, ट्रॅक्टरचं बेअरिंग घासतंय का, झाडात कीड आहे का, सगळं त्याला दातांतून कवटीत कळे. आणि कासं तर त्याने जन्मभर ऐकलं होतं. 'घंटेचं कासं बोलतं, तोफेचं नुसतं खोकतं,' हे त्याचं वाक्य मंडळातल्या प्रत्येकाला पाठ होतं. तो एकदा काठी लावणार, वर टिचकी मारणार, आणि क्विरीनच्या मान हलवण्याचं पितळ उघडं पडणार.

म्हणून गेले दोन महिने नुसत्या सबबी चालल्या होत्या. आधी, "अजून घासायची आहे, बाबा." मग उखळी सरकारी चाचणीला गेली, तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून बघतात आणि टिकली तर शिक्का मारतात. टिकली. क्विरीनने तिला गाडीच्या पुढच्या सीटवर पट्टा बांधून घरी आणलं आणि रस्ताभर त्याला आनंद असा झालाच नाही. मग, "वार्निश ओलं आहे, बाबा."

"वार्निश काशाला लावतोस का रे?" म्हातारा ओरडला. बहिरा असल्यामुळे तो सगळंच ओरडून बोले.

"लाकडाला! ठोकळ्याला!"

"मग मी काय ठोकळा ऐकणार आहे? एक टिचकी मारतो आणि जातो."

"रविवारी, बाबा! सगळ्यांसमोर! मजा येईल!"

बोलून झाल्यावर क्विरीनला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. सगळ्यांसमोर! म्हाताऱ्याचा चेहरा मात्र उजळला. त्याने काठी खिशात ठेवली आणि रविवारची वाट बघायला लागला.

त्या बुधवारी, बार्बराच्या दिवशी, सकाळी बुर्गी प्रथेप्रमाणे, नाताळपर्यंत फुलाव्यात म्हणून, चेरीच्या फांद्या तोडून फुलदाणीत लावत होती आणि क्विरीन स्वयंपाकघरात उगाच येरझाऱ्या घालत होता. तेवढ्यात देवळातली छोटी घंटा वाजायला लागली. पन्नास साली नवी ओतून आणलेली. अवेळी वाजली म्हणजे कुणीतरी गेलं. बुर्गीचा हात फांदीवर थांबला, क्विरीनचे पाय थांबले, आणि दोघं मोजायला लागली. घंटा थोडा वेळ वाजली, थांबली. पुन्हा वाजली, थांबली. पुन्हा वाजली आणि संपली. पुरुष गेला तर तीन थांबे, बाई गेली तर दोन, लेकरू गेलं तर एक. गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. बोटं आपोआप मोजतात.

"बाई," बुर्गी म्हणाली. "शिंप्याची आफ्राच असणार. एक्क्याण्णव वर्षांची होती बिचारी."

कोर्बिनियान खिडकीशी बसून पाव बुडवून कॉफी पीत होता. त्या दोघांचे चेहरे बघून त्याला कळलं. "किती?" त्याने विचारलं.

क्विरीनने दोन बोटं वर केली.

म्हाताऱ्याने टोपी काढली, थोडा वेळ मांडीवर ठेवली. "आफ्राला तरी वाजली," तो म्हणाला आणि टोपी पुन्हा घातली.

क्विरीनला वाटलं, आपल्याला आता इथे बसवणार नाही. त्याने गाडी काढली आणि पलीकडच्या गावी फायटकडे गेला. फायट चाळीस वर्षं घंटांच्या ओतशाळेत होता. आता निवृत्त होऊन ससे पाळायचा आणि विचारलं तर बोलायचा, न विचारलं तरी बोलायचा. क्विरीनने त्याच्यापासून तीन हिवाळे आपलं काम लपवलं होतं. एक शब्द विचारला असता तर 'लेथवाल्याला ओतकाम काय कळतंय' हे ऐकावं लागलं असतं, म्हणून. आज मात्र सशांच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. तुकडा, चिमटा, मान हलवणं.

फायटने एक ससा कानाला धरून उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि विचारलं, "मग तांबं का नाही घातलंस?"

"कसलं तांबं?"

"अरे नुसतं तांबं! घंटेत कथील जास्त, मान्य. मग त्यात तांबं ओत की, कथिलाचं प्रमाण आपोआप उतरतं. भाजीत मीठ जास्त झालं तर तू भाजी फेकून देतोस का रे? पाणी घालतोस ना? जुनी घंटा, थोडा तुकडा कापून तपासून घेतला असता, हिशोब मी काढून दिला असता. अर्ध्या तासाचं काम." फायटला हसू आवरेना. "आणि तू काय केलंस? मान हलवलीस! लेथवाल्याला ओतकाम..."

"कळत नाही. माहीत आहे," क्विरीन म्हणाला.

परतताना गाडीत तो स्वतःशीच मोठ्याने शिव्या देत होता. भीती खरी होती म्हणून एवढे दिवस थोडा तरी आधार होता. बापाला फसवलं, पण लोकांच्या जिवासाठी फसवलं. आता तोही आधार गेला. एका अडेलतट्टूपणापायी, एक प्रश्न विचारायची लाज वाटली म्हणून, म्हाताऱ्याची एकाहत्तर वर्षांची ठेव रबरी बुटात पडली होती. पुन्हा ओतावी म्हटलं तर चार दिवसांत ओतणं, कातणं, चाचणी, शिक्का कसं जमायचं? पत्रकं वाटून झाली होती.

घरी आला तर स्वयंपाकघराच्या टेबलावर, नाताळच्या बिस्किटांच्या पिठाशेजारी, तो रबरी बूट उभा होता. बुर्गीचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"शेडमधून चाळणी आणायला गेले," ती म्हणाली. "बूट पायावर पडला. अंगठा काळानिळा झालाय माझा. त्यात काय आहे ते मी विचारणार नाही, मी बघितलंय."

क्विरीन खुर्चीत बसला आणि लगेच उठला.

"बाबा कुठे आहेत?"

"झोपलेत. आणि त्यांना ऐकू येत असतं तर बरं झालं असतं, हे सांगायचं काम वाचलं असतं. क्विरीन, आजच सांग त्यांना."

"रविवारनंतर सांगतो."

"रविवारी ते काठी लावणार."

"मी उखळी ठोकळ्यात घट्ट आवळलीय. खाली चामडं घातलंय. तसंही लाकडाने आवाज दबतो. कदाचित त्यांना..."

"पन्नास वर्षं तोफा ऐकून बहिरा झालेला माणूस आणि तू त्याला चामड्याने फसवणार?" बुर्गीने पिठाचा गोळा आपटला. "लाज वाटू दे थोडी."

वाटत होतीच. पण लाज वाटणं वेगळं आणि बापासमोर उभं राहून ओरडून सांगणं वेगळं. म्हाताऱ्याशी काही हळू बोलायची सोयच नव्हती. जे सांगायचं ते अख्ख्या आळीला सांगावं लागे. गुरुवारी क्विरीन बापाच्या खोलीच्या दाराशी दोनदा गेला. शुक्रवारी कागदावर लिहिलं आणि कागद शेगडीत टाकला. शनिवारी उखळी घासत बसला, इतकी घासली की तिच्यात त्याला स्वतःचं तोंड दिसायला लागलं. मग तेही बघवेना, म्हणून वर फडकं टाकलं.

रविवारी टाचभर बर्फ होता. मिस्साची उपासना झाल्यावर सगळं गाव देवळाबाहेर जमलं. मंडळाची माणसं हिरव्या कोटात, टोप्यांना पिसं, प्रत्येकाच्या कुशीत आपापली छोटी हाततोफ. मधोमध टेबलावर चेरीच्या फांद्यांत क्विरीनची उखळी. पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितलेलं थोडक्यात पुन्हा सांगितलं. हार्टलने भाषण केलं. मग तो वळला आणि हाताने खूण करून म्हणाला, "आता पहिला मान कोर्बिनियानकाकांचा! चला काका, ऐका तुमची घंटा!"

लोकांनी वाट करून दिली. म्हातारा गुडघा सांभाळत टेबलापर्यंत आला. हातमोजे काढले. काठी दातांत धरली आणि दुसरं टोक उखळीच्या काठाला टेकवलं. दुसऱ्या हाताने खिशातला चाकू काढला आणि चाकूच्या मुठीने ठोकलं.

क्विरीन दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला स्वच्छ ऐकू आलं: ठक. खोकल्यासारखं. संपलं.

म्हाताऱ्याने पुन्हा ठोकलं. काठी थोडी सरकवून तिसऱ्यांदा ठोकलं. मग तो तसाच वाकून राहिला, काठी दातांत, डोळे उखळीवर. बर्फात उभ्या माणसांपैकी कुणी पाय हलवत नव्हतं. क्विरीन मनात म्हणत होता: ओरडा बाबा, एकदाचं ओरडून टाका, सुटू दे मला.

कोर्बिनियान सरळ झाला. काठी तोंडातून काढली, पुसली, खिशात ठेवली. मग मुलाकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"वाजते," तो म्हणाला. नेहमीसारखाच ओरडून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

टाळ्या पडल्या. कुणीतरी 'शाब्बास' म्हणालं. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. क्विरीनने दारू भरली, बूच मारलं, लोकांना मागे सरकवलं आणि बत्ती दिली. उखळी अशी कडाडली की चेरीच्या फांद्या उडाल्या, देवळाच्या छपरावरचा बर्फ घसरला आणि आवाज डोंगराला जाऊन दोनदा परत आला. तीन हिवाळे ज्या क्षणासाठी घालवले तो क्षण हाच होता. क्विरीन त्या क्षणी गर्दीत बाप शोधत होता.

बाप नव्हता. खाणावळीत गरम सूप, सॉसेज, बिअर मांडलेली, आणि कोर्बिनियान जेवण सोडून घरी चालत निघाला होता. असं आजवर कधी झालं नव्हतं. क्विरीनने हार्टलच्या हातात बत्तीची काठी दिली, "आलोच," म्हणाला आणि पळत सुटला. मागून बुर्गीही निघाली.

म्हातारा शेडमध्ये बेंचजवळ उभा होता. टोपी अजून डोक्यावर होती.

"कुठे आहे?" त्याने विचारलं.

क्विरीनने बूट आणला, मोजा उपसला आणि तुकडा बेंचवर ठेवला. मग बापाला ओठ दिसतील असा समोर उभा राहून सांगत सुटला: ठिसूळ असतं, फुटली असती, लोक उभे असतात, फायट म्हणाला तांबं घालायचं, मला माहीत नव्हतं, मी विचारलं नाही, मी...

"हळू," म्हातारा म्हणाला. "एवढं भरभर मला वाचता येत नाही."

"चुकलो, बाबा."

"नाही घातलंस ते ठीक. फुटली असती आणि तुझा हात गेला असता, तर मी काय तुकडा चाटत बसलो असतो?" त्याचा आवाज चढला. "पण मला देवळापुढे, पाद्र्यासमोर खोटं बोलायला लावलंस. मला! कशासाठी? मला सांगायची तुला भीती वाटली? मी काय खाणार होतो तुला?"

क्विरीन छप्पन्न वर्षांचा होता आणि शाळेत उभा केल्यासारखा उभा होता.

कोर्बिनियानने तुकडा हातात घेतला. गुळगुळीत कडेवरून अंगठा फिरवला. पुढचं तो जरा हळू बोलला. निदान त्याला तरी तसं वाटलं असावं.

"घंटा नेल्यानंतरच्या जानेवारीत माझी आई गेली. छातीत कफ झाला होता. वडील देवळात सेवकाकडे गेले, म्हणाले, वाजव. तो म्हणाला, काय वाजवू? काहीच नव्हतं. तशीच नेली तिला. आळीतल्यांनासुद्धा दुसऱ्या दिवशी कळलं. आणि हे," त्याने तुकडा वर धरला, "हे माझ्या कोटात होतं. तिच्या खाटेशेजारी मी उभा होतो आणि हे माझ्या कोटात होतं. एक चमचा घेऊन वाजवायचं, बस. पण चोरलेलं होतं ना. वाटलं, मला धरून नेतील. नाही वाजवलं." त्याने नाक ओढलं. "मग कधीच नाही वाजवलं. हिंमत झाली नाही. म्हटलं, उखळीत घालू, ती वाजवेल माझ्याऐवजी. मोठ्याने."

क्विरीनला आजी म्हणजे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा एक फोटो, एवढीच माहीत होती. क्रेसेन्स, डोक्याला रुमाल. त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याला स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

त्याने कोनाड्यातली तार घेतली, तुकड्याच्या तुटक्या खाचेत दोन वेढे दिले आणि छताच्या वाशातल्या आकड्याला तो टांगला. मग लाकडी हातोडी आणली आणि बापाकडे बघितलं.

म्हाताऱ्याने टोपी काढून बेंचवर ठेवली. खिशातून काठी काढली, दातांत धरली आणि दुसरं टोक तारेला टेकवलं.

"मार," तो दातांतूनच म्हणाला.

क्विरीनने मारलं. आवाज काही घंटेसारखा नव्हता. पातळ, कडक, एखादं भांडं पडावं तसा. पण तो लगेच संपला नाही. लांबत राहिला. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि बोटाने खूण केली: अजून. क्विरीन मारत राहिला, देवळात मारतात तसा, सावकाश. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने पंजा वर केला. थांब. तुकडा तारेवर फिरत फिरत गप्प झाला. पुन्हा बोटाची खूण. क्विरीनने पुन्हा सुरू केलं. म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी काठीवर येत होतं आणि त्याने काठी सोडली नाही. पुन्हा पंजा वर. पुन्हा थांबला. पुन्हा सुरू. मग म्हाताऱ्याने काठी तोंडातून काढली आणि क्विरीनने हातोडी खाली ठेवली.

दारात बुर्गी उभी होती. तिने घाईघाईत स्वयंपाकघरात सूप तापायला ठेवलं होतं, पळी हातातच राहिली होती. चेहरा घाबरलेला.

"दोन थांबे ऐकले मी," ती म्हणाली. "कोण गेली?"

"आजी," क्विरीन म्हणाला. "त्रेचाळीस साली."

बुर्गीने पळी बेंचवर ठेवली, एप्रनला हात पुसले आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली, बातमी आत्ताच आल्यासारखी.